तोफ की तूप

आमचं आडनाव कारखानीस. लहानपणी मला वाटायचं, आपला कुठेतरी कारखाना असणार आणि भाऊबंदांनी तो लाटला असणार. आप्पाकाकांनी हा समज मोडून काढला. "अरे, गडावरची माणसं आपण! आपला मूळपुरुष तोफा डागायचा." पुरावा म्हणून दसऱ्याला माळ्यावरून एक तलवार उतरायची. एरवी तिने झावळ्या तोडत.

यंदा पुतणीला शाळेतून वंशवृक्षाचा प्रकल्प मिळाला (म्हणजे मला मिळाला) आणि काकांच्या ट्रंकेत मोडीतला एक कागद निघाला. मी पंधरा दिवसांचा मोडीचा वर्ग लावला. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवतात. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. दोरीवर दाटीने वाळत घातलेले कपडे जणू; कुणाची बाही कुठे संपते कळत नाही.

साल लिहिलेलं 'खमस सितैन मया व अलफ'. पाच, साठ, शंभर आणि हजार: सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांवरची कालगणना) 1165. त्यात 599 मिळवले की 1764. पानिपतानंतर अवघी तीन वर्षं! मग 'नऊ शेर' लागलं, आणि त्यापुढे स्पष्ट 'तोफ'. मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिथल्या तिथे जाहीर केलं. "गोळा नऊ शेरांचा असणार," काकांनी लगेच खुलासाही केला.

वर्गातल्या गुरुजींनी भिंग लावलं. "तोफ नाही हो, तूप. नऊ शेर तूप तुटीत आलंय." मग त्यांनी शांतपणे समजावलं. गडाचा मुख्य हवालदार, लिखापढी सबनिसाकडे आणि कोठी कारखानिसाकडे. धान्य, वैरण, तेल-तूप. दारूगोळाही असायचा त्याच्याच ताब्यात, पण मोजायला.

वरून विचारणा झाली होती, तूप गेलं कुठे? मूळपुरुषाने कळवलं होतं, घागर उंदरांनी पाडली.

काका दोन दिवस ग्रुपवर गप्प. तिसऱ्या दिवशी संदेश आला: "उंदीर शत्रूने सोडले असणार." बायको काहीच बोलली नाही. फक्त आमच्या तुपाच्या बरणीवर हल्ली स्केचपेनची एक बारीक रेघ दिसते, आणि ती रोज थोडी खाली सरकते.