गरिबाच्या ताटातलं धान्य उचललं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, सेनेगलचा शेफ पिएर थियाम आणि त्याच्या फोनिओवर (पश्चिम आफ्रिकेतलं एक बारीक भरडधान्य) मी लिहिलं त्यावर तुम्ही म्हणालात की गरिबाच्या ताटातलं धान्य उचलून न्यूयॉर्कच्या श्रीमंतांना विकायचं आणि वर त्याला समता म्हणायचं, उद्या तिथल्याच लोकांना ते परवडणार नाही. भावाची भीती मलाही आहे. पण ताटातलं उचललं हे पटत नाही, कारण सेनेगलच्या राजधानीत, डाकारच्या ताटात फोनिओ उरलाच कुठे होता?

थियाम डाकारचाच. तिथे ताटात भात, आणि तोही कणीचा. फ्रेंचांनी सेनेगलच्या शेतकऱ्याला भुईमुगाला जुंपलं आणि खायला इंडोचायनातून कणी आणून घातली, ती इतकी अंगवळणी पडली की कणीचं थिएबुदिएन (मासे-भाज्यांबरोबर शिजवलेला भात) हाच आज तिथला राष्ट्रीय पदार्थ आहे, 2021 ला युनेस्कोच्या यादीत पण गेलं. फोनिओ राहिला केदुगूसारख्या लांबच्या भागात, शहरवाल्यांच्या लेखी खेडवळांचं खाणं.

आणि मुख्य म्हणजे कांडण. दाणा वाळूएवढा, फोल निघता निघत नाही, बायका उखळात कांडतात, पाखडतात, परत कांडतात. माझ्या आजोळी जव्हारकडे वरईचं हेच बघितलंय, आजीच्या तळहाताला मुसळाचे घट्टे होते, बोट फिरवलं की खरखर लागायचे. मामीने कांडायला सरळ नाही म्हटलं (बरोबरच केलं तिने) आणि पुढच्या पावसाळ्यापासून आमची वरई बंद. धान्य असंच शेतातून जातं हो, कुणी पळवून नेत नाही.

सेनेगलच्याच सानुसी दियाकितेने फोनिओ सोलायचं मशीन बनवलं, 1996 ला त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. पण गिऱ्हाईकच नसेल तर मशीनमध्ये पैसा कोण घालणार? थियामने 2017 ला फिलिप टेव्हरोबरोबर योलेले कंपनी काढली ती हे गिऱ्हाईक उभं करायला, आणि न्यूयॉर्कमध्ये पाकीट विकलं जातं ते मला म्हणूनच खटकत नाही.

खटकेल कधी, तर नुसतं न सोललेलं धान्य पोत्यांनी बाहेर गेलं आणि सोलायची गिरणी परदेशात बसली तर. भुईमुगाचा कच्चा माल तसाच तर जायचा. प्रक्रिया पश्चिम आफ्रिकेतच व्हावी असं थियाम सांगत आलाय. त्यात तो मागे सरला तर तुमच्या बाजूने मीच पुढचा लेख लिहीन.