बर्फ, गाळ आणि कंत्राटदार

दर हिवाळ्यात कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा एक व्हिडिओ आमच्या चिपळूणच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हमखास येतो. रात्रीचा रस्ता, पुढे बर्फ गिळून बाजूला फेकणारं अजस्र यंत्र, त्याच्या बगलेला चिकटून सरकणारा ट्रक आणि मागे रिकाम्या ट्रकांची ही लांब रांग. खाली ओळ: ‘याला म्हणतात नियोजन!’ मग ठरलेली चर्चा सुरू होते. एकजण वाशिष्ठी नदीतल्या गाळावर येतो, दुसरा कोळकेवाडी धरणातून सोडलेल्या पाण्यावर, तिसरा नदीकाठच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या लाल-निळ्या पूररेषेवर. शेवटी कोणीतरी ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ असं म्हणून विषय मिटवतं. आणि मला विचारलं जातं, ‘तू तिथेच राहतेस, तूच सांग.’

शिस्तीपासूनच सुरुवात करते. इथे बर्फ उचलायच्या दिवशी रस्त्याच्या कडेला नारिंगी पाट्या रोवतात: अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत गाडी लावायची नाही. तरीही दर वेळी दहा-बारा गाड्या तशाच उभ्या असतात. मग क्रेनवाला गल्लीत येऊन भोंगा वाजवतो. ऐन झोपेत तो कर्कश दुसुरी आवाज कानावर पडला, की समोरचे काका रात्रीच्या पायजम्यावर जाड कोट चढवून, पायात उघडे बूट अडकवून, शिव्या घालत धावत सुटतात. न धावणाऱ्याची गाडी उचलून शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवतात आणि काचेवर दंडाची पावती लावतात. सकाळी माणूस कामाला निघतो तेव्हा स्वतःचीच गाडी शोधत दोन चौक फिरतो. याला शिस्त म्हणायची असेल तर म्हणा. माझ्या मते ती दंडाची भीती आहे, आणि त्यात वाईट काही नाही. तशी भीती घालून पाहिली, तर आपणही काही वेगळे वागणार नाही.

बाकी कामाची रीत अगदी रटाळ आहे. थोडा बर्फ पडला की आधी मीठ, मग फाळ लावलेल्या गाड्या बर्फ कडेला ढकलतात, आणि थर जास्त झाला की उचलायचं काम. रस्ते आणि पदपथ मिळून दहा हजार किलोमीटरच्या घरात लांबी भरते. थंडी उणे पंधराच्या खाली गेली की मिठाचा जोर ओसरतो, तेव्हा पायवाटांवर बारीक खडी टाकतात. उचललेल्या बर्फातला काही खास झडपांमधून गटारात सोडतात, उरलेला ठरलेल्या जागांवर नेऊन ओततात. सेंट मिशेल भागात दगडाची एक जुनी प्रचंड खाण आहे, तिथे हिवाळाभर बर्फ साठतो. भर उन्हाळ्यातही तिथे काळपट, कचऱ्याने माखलेला डोंगर वितळत पडलेला असतो. व्हिडिओत तो येत नाही.

कंत्राटदारही येत नाहीत. बर्फ उचलायचं बरंचसं काम खासगी ठेकेदार करतात. २०१५ साली शहराच्या कंत्राटांवर नजर ठेवणाऱ्या मॉन्ट्रियलच्या महानिरीक्षकांनी याच कंत्राटांची चौकशी केली, तेव्हा ठेकेदारांनी आपसांत संगनमत करून भाग वाटून घेतल्याच्या खुणा सापडल्या. ‘या भागात तू बोली लावू नकोस, त्या भागात मी लावत नाही.’ वाचताना मला घरी आल्यासारखं वाटलं. कारण त्याच वर्षी मुंबईत नालेसफाईच्या कंत्राटांची चौकशी होऊन ठेकेदार काळ्या यादीत गेले होते. इकडे बर्फ, तिकडे गाळ. दोन्हींचा गुण एकच, तो उचलला की पुरावाही उचलला जातो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चार दिवसांत दोन वादळं आली आणि सत्तर सेंटिमीटरच्या वर बर्फ पडला. व्हिडिओतली ती ट्रकांची रांग अपुरी पडली. आठवडा उलटला तरी कित्येक गल्ल्यांत पदपथ दिसत नव्हते. म्हाताऱ्या बायका रस्त्याच्या मधून चालत होत्या आणि चाकाच्या खुर्चीवरची माणसं घरात अडकली होती. लोक महापौरांवर तुटून पडले. मला इथे फरक जाणवतो तो एवढाच: आठ दिवसांत उचलू म्हणालात, मग का उचलला नाही, हा प्रश्न लोक नळाला पाणी का नाही अशा सुरात विचारतात. ‘शहराने किती धीराने तोंड दिलं’ असं कौतुक कोणी केलं नाही. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात एसटीचे आगारप्रमुख रोकड वाचवण्यासाठी तासन्‌तास बसच्या टपावर बसून राहिले. त्यांच्या निष्ठेला खरोखर सलाम. पण महिनाभर आपण त्या टपाबद्दलच बोललो. आगारात एवढं पाणी भरेपर्यंत गाड्या आणि पैसे तिथेच का होते, हे विचारायचं राहून गेलं.

आता व्हिडिओवाल्यांना न आवडणारी गोष्ट. हे शहर नेहमीच्या बर्फासाठी तयार आहे. नेहमीचा नसला की इथलं घर आपल्या कोकणातल्या घरापेक्षा दुबळं ठरतं.

जानेवारी १९९८ मध्ये क्युबेकात, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात आहे तिथे, बर्फ पडलाच नाही, पाऊस पडला. वरच्या हवेत ऊब, जमिनीलगत गोठण. थेंब ज्याला लागेल त्याच्यावर तिथल्या तिथे काच होऊन बसायचा. चार तारखेपासून दहा तारखेपर्यंत हे चाललं. झाडं मोडली, खांब मोडले, उच्च दाबाच्या वाहिन्यांचे शेकडो पोलादी मनोरे मान मुरगळल्यासारखे वाकले. चौदा लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. सेंट हायसिंथ, ग्रॅनबी आणि सेंट जाँ-सुर-रिशेल्यू या तीन गावांमधल्या पट्ट्याला ‘काळा त्रिकोण’ हे नाव पडलं. तिथे काही घरांत महिनाभर अंधार होता. पंधरा हजारांवर सैनिक मदतीला उतरले. मरणाऱ्यांत थंडीने गेलेले होते, तसे घरात शेगडी किंवा जनरेटर लावून विषारी वायूने गुदमरलेलेही होते.

क्युबेकात वीज स्वस्त, म्हणून घरं विजेवरच तापवतात. वीज गेली की घर म्हणजे थंड पेटी. ज्यांच्याकडे लाकडाची भट्टी आणि मागे रचलेली लाकडं होती, त्यांची घरं तगली. शेजारीपाजारी त्यांच्याकडे गाद्या घेऊन गेले. त्यानंतर वीज कंपनीने वाहिन्या मजबूत केल्या, तरी एप्रिल २०२३ मध्ये तसाच पाऊस आला आणि दहा लाखांहून जास्त ग्राहक पुन्हा अंधारात गेले. या वेळी मनोरे उभे राहिले, पण गल्लीतली झाडं तारांवर पडली. तारांलगतच्या फांद्या पुरेशा छाटल्या जात नाहीत, असं सरकारी लेखापरीक्षकांनी चारच महिने आधी लिहून ठेवलं होतं. आपल्याकडचा महावितरणचा माणूस हे वाचून गालात हसेल.

मध्यंतरी प्रदूषणामुळे मॉन्ट्रियलने धूर ओकणाऱ्या लाकडाच्या भट्ट्यांवर बंदी आणली. पण नियमात एक खिडकी ठेवली: वीज तीन तासांपेक्षा जास्त गेली तर जुनी भट्टीही पेटवता येते. पोटाला चिमटा बसल्यावर सुचलेला हा शहाणपणा मला फार आवडतो. मात्र नव्या सदनिकांमध्ये भट्टी नाहीच. बहात्तर तास पुरेल एवढं पाणी, डबाबंद अन्न, बॅटरी घरात ठेवा, असं सरकार सांगत असतं. माझ्या इमारतीत कोणाच्या घरी ते असेल यावर मी पैज लावणार नाही.

याउलट आमच्या आजीचं घर. मे महिना संपत आला की आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची घाई. कौलं चाळून घ्यायची, पडवीला झडपा बांधायच्या, लाकूडफाटा कोरडा होऊन मांगरात, तांदूळ, कुळीथ, मीठ, मिरची, सुके बांगडे डब्यात आणि सगळं माळ्यावर. चार महिने बाजार बंद झाला तरी चूल विझली नसती. ही तयारी कोणत्याही नगरपालिकेने शिकवली नव्हती. कोकणात घराची बेगमी पक्की आणि गावाची तयारी रामभरोसे. इथे गावाची तयारी पक्की आणि घरात मेणबत्तीसुद्धा नाही.

अर्थात आजीच्या बेगमीलाही मर्यादा होतीच. चिपळूणच्या बाजारात २००५ च्या पुराच्या पातळीचा हिशेब लोकांनी डोक्यात ठेवला होता आणि माल त्याच्या वर उचलला होता. २०२१ ला पाणी त्याच्याही वर गेलं. क्युबेकचे मनोरेही आधी पाहिलेल्या बर्फाच्या हिशेबानेच बांधलेले होते. मागचं संकट मोजून पुढची भिंत बांधायची, यात मराठी काय आणि फ्रेंच काय.

आणि ज्यांना घरच नाही त्यांचं काय, हा प्रश्न आमच्या ग्रुपवर कधीच येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये मॉन्ट्रियलच्या रस्त्यावर राहणारा, इनू या आदिवासी जमातीतला एक माणूस फिरत्या शौचालयात मेलेला सापडला. जवळच त्याच्या ओळखीचा निवारा होता, पण करोनाच्या नियमांमुळे तो रात्री बंद ठेवावा लागत होता. वर शहरात रात्रीची संचारबंदी. लोक भडकले तेव्हा जवळच्या चौकात त्याच्या नावाने ऊब देणारा तंबू उभा राहिला. डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत बफेलोच्या हिमवादळात चाळीसहून जास्त माणसं गेली. गाड्या बाहेर काढायला बंदी घालण्याचा हुकूम निघाला तोवर बरेच लोक कामावर पोहोचले होते. सुट्टी घेतली तर पगार कापला जातो, अशा नोकऱ्यांमधले ते लोक. बफेलो दर वर्षी बर्फात बुडणारं गाव आहे, यंत्रांची तिथेही कमी नाही.

म्हणून बर्फ गिळणारी यंत्रं बघून चिपळूणने हळहळू नये. वाशिष्ठीतला गाळ यंत्रांनीच निघेल, आणि २०२१ च्या अखेरीस लोक उपोषणाला बसले तेव्हा कुठे त्याला वेग आला, हे मला माहीत आहे. पण गाळ किती काढला याचे आकडे मोजत बसण्यापेक्षा मला त्या भोंग्यामागची आधीच ठरलेली रीत महत्त्वाची वाटते. इथे बर्फ किती झाला की उचलायचा, हा निर्णय त्या रात्री साहेबांच्या मर्जीवर नसतो. सेंटिमीटर आधीच ठरलेले असतात. पुढच्या वेळी ग्रुपवर व्हिडिओ आला की मी एवढंच विचारणार आहे: वाशिष्ठीचं पाणी किती मीटरला गेलं की बाजारपेठेतली दुकानं रिकामी करायची, कोळकेवाडीतून पाणी सुटलं की किती मिनिटांत कोणाला फोन जायचा, आणि पहाटे तीनला तो फोन उचलणारा कोण, हे तुमच्या गल्लीतल्या किती जणांना सांगता येईल?