सोलरची वीज मे महिन्यात वाया जाते म्हणे!

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, तुम्हालाही आला असेल, की कॉलेजांचं ग्रीन कॅम्पस वगैरे सगळं नॅकसाठीचं (कॉलेजांना दर्जा ठरवून देणारी संस्था) नाटक, सोलरची वीज उन्हाळ्याच्या सुट्टीत वाया जाते, त्यापेक्षा शंभर झाडं लावा, आणि ईव्हीएस (पर्यावरण अभ्यास) हा विषय तर एनईपीने, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाने, मुलांच्या डोक्यावर मारलाय.

आधी सोलर. उन्हाळ्याच्या सुट्टीत ऊन कडक आणि कॉलेज बंद, इथपर्यंत बरोबर. पण नेट मीटर नावाची गोष्ट असते ना राव! जास्तीची युनिटं वीज कंपनीच्या ग्रीडमध्ये जातात, क्रेडिट जमा होतं, पुढच्या बिलांत वळतं होतं, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात हा हिशोब १ एप्रिल ते ३१ मार्च चालतो, म्हणजे मेमधली वीज जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत लेक्चरं चालू असताना कामी येते, संपवायला जवळजवळ अख्खं वर्ष हातात. कुठल्या कॉलेजने नेट मीटरच घेतलं नसेल तर त्यांना जरूर झापा.

झाडांचं गणित. १० किलोवॉट सोलर, म्हणजे साधारण हजार स्क्वेअर फूट गच्ची, वर्षाला १४ हजार युनिटच्या आसपास देतं. ग्रीडची वीज बरीचशी कोळशाची, युनिटमागे अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दहाएक टन वाचले. मोठं झालेलं झाड ढोबळमानाने वर्षाला २०-२५ किलो शोषतं, शंभर झाडांचे झाले दोन-अडीच टन, तेही जगली तर, कारण जूनमध्ये प्रिन्सिपॉल सरांबरोबर फोटो काढलेल्या रोपाला मार्चमध्ये पाणी घालायला कुणी फिरकत नाही. झाडं हवीतच, सावलीसाठी, पक्ष्यांसाठी, पण लाइट बिलाला तो पर्याय नाही.

नॅकचं अर्धं खरंय. नुसतं कॉलेजचं नाव बदललेले ग्रीन ऑडिट (कॅम्पसच्या पर्यावरण तपासणीचे) रिपोर्ट मीही पाहिलेत. पण नॅकच्या मार्कांच्या पद्धतीत हजारातले शंभर मार्क सातव्या क्रायटेरियनला असायचे, पर्यावरण त्यातच, आणि त्यातही जेंडर, बेस्ट प्रॅक्टिसेस असलं बरंच काही, एवढ्यासाठी कोण लाखोंचा खर्च करेल? आणि नॅकसाठी बसवलेलं पॅनलही वीज तेवढीच बनवतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने ८५३ एकरांच्या कॅम्पसवर तळी-विहिरींत पावसाचं पाणी साठवून स्वतःची गरज बऱ्यापैकी भागवली, ते पाणी काय नॅकच्या टीमला पाजायला साठवलं?

ईव्हीएस तर एनईपीच्या कितीतरी आधीचं. पर्यावरणाच्या केसेस लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच पर्यावरण शिकवायला सांगितलं होतं, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) २००४ च्या सुमारास पदवीला सहा महिन्यांचा कोर्स सक्तीचा केला, त्याचं पुस्तक पुण्याच्या डॉ. एरॅक भरूचांचं. एनईपी आली २०२० ला. ईव्हीएसचं प्रोजेक्ट झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळतं, ही तक्रार मात्र मान्य.