दंडाच्या धाकाने कचरा वेगळा होत नाही

"खेड्यातल्या लोकांना कचऱ्याची जाणीवच नाही, दंड करा नाहीतर पैसे द्या, त्याशिवाय ते ओला-सुका वेगळा करणार नाहीत," असा मजकूर सध्या जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्यातले तिन्ही मुद्दे मला चुकीचे वाटतात.

पहिला मुद्दा जाणिवेचा. ज्या घरी गुरे आहेत, तिथे भाजीची देठे आणि केळीची साले गोठ्यात जातात, शेण, राख आणि पालापाचोळा उकिरड्यावर, कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीला आणि ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारात. शेणखतातून शेतात गेलेली पिशवी पाळी घालताना वखरात अडकते आणि प्लास्टिक खाल्लेली गाय पोट फुगून दगावते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ते फलकावर लिहून सांगावे लागत नाही. ज्या घरांतली गुरे विकली गेली तिथे ही सवय मोडली, हे मला मान्य आहे; पण तिथे जाणीव संपलेली नाही, वेगळ्या केलेल्या कचऱ्याचा उपयोग संपला आहे.

दंडाचे म्हणाल, तर दंड करणारा ग्रामपंचायत सदस्य आणि भरणारा बहुधा एकाच भावकीतले असतात, त्यामुळे पावती फाटत नाही. आणि फाटलीच, तर कचरा रात्री नाल्याच्या काठी पेटवला जातो.

पैशांचेही तसेच आहे. ज्याला भाव आहे ते लोक आधीपासूनच विकतात. उरतात ती वेफर आणि शाम्पूची बहुपदरी पाकिटे, जी भंगारवाला घेत नाही. ती गावाबाहेर न्यायला खर्च लागतो आणि स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत, तर तालुक्याच्या प्लास्टिक कचरा प्रक्रिया केंद्रासाठी 16 लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. पैसा खर्च व्हायला हवा तो तिथे.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी दोन बादल्या ठेवल्या होत्या आणि दुधाच्या पिशव्या धुऊन त्या दोरीवर वाळत घालत. एके सकाळी घंटागाडीवाल्याने त्यांच्यादेखत दोन्ही बादल्या एकाच ढिगात उपड्या केल्या. "मंग मी धुऊ कशाला, भाऊ?" एवढेच त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून दारात एकच बादली दिसू लागली. पुढे गाडीत मधोमध पत्र्याचा आडोसा बसला, तेव्हा ना कोणाला दंड झाला, ना कोणाला पैसे मिळाले. काकूंच्या दोरीवर मात्र पिशव्या पुन्हा वाळू लागल्या.