तोच पत्ता, नवी किल्ली

नमस्कार. मेश म्हणजे असं जाळं, जिथे उपकरणं एकमेकांचे संदेश स्वतःच पुढे पोचवतात. त्यावरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. पहिला असा, की "मेशवरचे संदेश बाहेरच्या कुणाला वाचता येत नाहीत" हे माझं वाक्य चूक आहे, कारण तुमच्या मेशटास्टिक बोर्डावर (छोट्या रेडिओंची मेश चालवणारं सॉफ्टवेअर भरलेल्या बोर्डावर) अनोळखी माणसांच्या गप्पा सरळ दिसतात. दुसरा असा, की मी म्हणतो तसं मेशवर पत्ते वाटणारं कुणी नसेल तर कुणीही दुसऱ्याचा पत्ता लावून बसेल.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. ते वाक्य लेखातून काढलं आहे. नव्या बोर्डावर लाँगफास्ट या आधीपासून असलेल्या चॅनेलचं एन्क्रिप्शन (किल्लीने मजकूर झाकणं) चालू असतं, पण त्याची किल्ली जगजाहीर आहे. सेटिंगमध्ये 'एक्यू' आणि पुढे दोन बरोबरची चिन्हं दिसतात ना, तो अक्षरांत लिहिलेला नुसता १ हा आकडा आहे. त्याचा अर्थ, सोर्स कोडमध्ये छापलेली ठरावीक किल्ली वापर. स्वतःची किल्ली टाकून वेगळं चॅनेल केलंत तरी पॅकेटचा हेडर, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्यासारखा भाग, उघडाच राहतो: कुणाकडून, कुणाला, पॅकेट क्रमांक, अजून किती हॉप (एका उपकरणावरून दुसऱ्यावर उड्या) शिल्लक. पॅकेट पुढे पाठवायचं तर मधल्या नोडला (मेशवरच्या उपकरणाला) एवढं वाचता यावं लागतं. म्हणजे मजकूर झाकला जातो, पण कोण कुणाशी कितीदा बोललं ते झाकलं जात नाही. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

दुसरा आक्षेप मेशटास्टिकला लागू आहे, सगळ्या मेशला नाही. आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधल्या एका मित्राने फर्मवेअर (बोर्डातलं सॉफ्टवेअर) बिघडलं म्हणून बोर्ड पूर्ण पुसून पुन्हा भरला. संध्याकाळी त्याचा नोड माझ्या यादीत आला. क्रमांक तोच, नाव तेच, पण शेजारी लाल किल्लीचं चिन्ह, म्हणजे किल्ली आधीच्या किल्लीशी जुळत नाही. फोन केला तेव्हा उलगडा झाला. मेशटास्टिकचा ३२ बिटांचा नोड क्रमांक चिपच्या मॅक पत्त्याच्या (चिपमध्येच असलेल्या ओळख क्रमांकाच्या) शेवटच्या चार बाइट्सवरून येतो, तो पुसला जात नाही. किल्ली मात्र नव्याने तयार झाली होती. आता विचार करा, कुणी लबाडाने तोच क्रमांक आपल्या बोर्डात घातला असता तरी मला अगदी हेच चिन्ह दिसलं असतं. आणि २०२४ मध्ये २.५ आवृत्तीत थेट संदेशांना पब्लिक की (किल्ल्यांच्या जोडीतली सगळ्यांना द्यायची किल्ली) आली, त्याआधी तर एवढी सूचनाही मिळत नव्हती.

सीजेडीएनएस या दुसऱ्या मेश सॉफ्टवेअरमध्ये असं होऊच शकत नाही. तिथे पब्लिक कीवर एसएचए-५१२ (माहितीचा ठरावीक लांबीचा ठसा, म्हणजे हॅश, काढायचं गणित) दोनदा चालवायचं आणि पहिले १६ बाइट्स घ्यायचे, तोच तुमचा आयपीव्ही६ पत्ता. तो 'एफसी'ने सुरू व्हावा लागतो, म्हणून सरासरी २५६ किल्ल्या तयार करून बघाव्या लागतात. संगणकाला ते काहीच नाही. पण दुसऱ्याच्या पत्त्यावर बसायचं तर सगळेच्या सगळे १२८ बिट जुळणारी किल्ली शोधावी लागेल, आणि ते कुणाच्या आवाक्यातलं नाही. रेटिक्युलम या आणखी एका मेश सॉफ्टवेअरमधला पत्ताही असाच किल्लीच्या हॅशशी बांधलेला असतो, शिवाय तिथल्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता नसतोच. पत्ते वाटायला कुणी लागत नाही ते यामुळे.

याची किंमत आहे, तीही सांगतो. माझ्या मित्राने अशा मेशवर बोर्ड पुसला असता तर किल्लीबरोबर त्याचा पत्ताही गेला असता, आणि सगळ्यांना नवा कळवावा लागला असता. मला ही किंमत रास्त वाटते. किल्ली बदलली की पत्ता बदलतो, म्हणून गफलत लपत नाही.

तुमच्या बोर्डाबद्दल एक सांगायचं राहिलं. काही बोर्ड विक्रेत्यांनी एकच इमेज (सॉफ्टवेअरची तयार प्रत) सगळ्यांवर भरल्यामुळे अनेक मेशटास्टिक बोर्डांत सारखीच किल्ल्यांची जोडी गेली होती, हे २०२५ मध्ये उघड झालं. तुमचा बोर्ड तयार भरून आला असेल तर फर्मवेअर २.६.११ किंवा पुढचं आहे का बघा. नसेल तर आधी ते भरा, मग नवी किल्ली तयार करा, आणि ज्यांच्याशी बोलता त्यांच्याशी ती समोरासमोर जुळवून घ्या, म्हणजे लाल चिन्ह बघून तेही दचकणार नाहीत.