आधी त्या आदेशाचा कागद मागा

जानेवारी 2025 च्या अखेरीस एम-23 च्या बंडखोरांनी कांगोतलं गोमा शहर घेतलं. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथंच होती, तिच्यात आपले जवानही होते. त्या आठवड्यात साताऱ्याच्या आमच्या घरच्या ग्रुपवर दोनच मतं फिरत होती. एक, ही शांतिसेना नुसती बघत बसते. दुसरं, आपली पोरं परत बोलवा. त्यामागची कळकळ मला समजते. साताऱ्याला फौज परकी नाही. अपशिंग्याचे 46 जवान पहिल्या महायुद्धातून परत आले नाहीत, आणि आजही त्या गावात फौजी नसलेलं घर शोधावं लागतं.

मी राहते नेदरलँड्समधल्या द हेगला. इथं हाच वाद तीस वर्षं चालू आहे आणि तो फार कडवट आहे. जुलै 1995 मध्ये शांतिसेनेच्या डच तुकडीच्या ताब्यातलं बोस्नियातलं स्रेब्रेनिका पडलं आणि सुमारे 8,000 बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, पुरुष व मुलगे मारले गेले. सुरुवातीला सगळा राग सैनिकांवर निघाला. पण चौकशी पुढे सरकली तशी बोटं वर वळली. 2002 मध्ये पंतप्रधान विम कोक यांच्या डच सरकारनं राजीनामा दिला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डच सरकारला अंशतः जबाबदार धरलं. 2022 मध्ये पंतप्रधान मार्क रुट्टे यांनी त्या तुकडीतल्या सैनिकांची माफी मागितली.

मला यातला एक आकडा विसरता येत नाही. बोस्नियातली ‘सुरक्षित क्षेत्रं’ खरोखर राखायची तर 34,000 जादा सैनिक लागतील, असं 1993 मध्ये सरचिटणीसांनी सुरक्षा परिषदेला कळवलं होतं. परिषदेनं मंजूर केले 7,600. म्हणजे कागदावर संरक्षणाचं वचन दिलं आणि ते पाळायला माणसंच दिली नाहीत. मग ऐन वेळी त्या हलक्या शस्त्रांच्या तुकडीनं काय करायला हवं होतं?

आमचे मामा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. तेही कांगोत निळी टोपी घालून राहिलेत. त्यांच्या खिशात कायम एक छोटं कार्ड असायचं. इशारा कधी द्यायचा, हवेत गोळी कधी झाडायची, नेम कधी धरायचा, सगळं त्यावर ओळीनं छापलेलं. ‘अगं, कार्ड आमच्या खिशात, पण लिहिणारा न्यूयॉर्कात,’ मामा सांगत होते. ‘पोरांनी तरी किती ताणायचं?’

अधिकार स्पष्ट दिला की शांतिसेना लढते, हे आपल्यालाच सर्वांत चांगलं ठाऊक असायला हवं. 1961 मध्ये परिषदेनं कांगोत बळ वापरायला परवानगी दिली होती. त्याच डिसेंबरात एलिझाबेथव्हिलजवळची नाकेबंदी फोडताना कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया धारातीर्थी पडले. परमवीर चक्र मिळालेले ते शांतिसेनेतले एकमेव अधिकारी. 2013 मध्ये परिषदेनं थेट हल्ला करू शकणारी ब्रिगेड उभारली आणि त्याच वर्षी एम-23 हरली. या वेळी मात्र बंडखोरांच्या पाठीशी रवांडाची फौज असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञांनी लिहून ठेवलं होतं. सदस्य देशाच्या सैन्याशी युद्ध करायला शांतिसेना घडवलेलीच नसते. तिथं दबाव राजधान्यांनी आणायचा असतो, तो वेळेवर आला नाही.

म्हणून पोरं परत बोलवा हे मला पटत नाही. त्यांच्या छावणीच्या कुंपणाला लागून विस्थापितांनी झोपड्या घातलेल्या असतात. त्या माणसांना दुसरा आसराच नाही. पण शांतिसेनेनं काय करायचं हे ठरवणाऱ्या परिषदेच्या आदेशाच्या मजकुरात जवान पाठवणाऱ्या देशांचं काही चालत नाही, हे मात्र मुकाट्यानं सोसायचं कारण नाही. आजवर भारतानं 2,90,000 च्या आसपास जवान पाठवले, 180 च्या आसपास गमावले. नकाराधिकार असलेल्या पाच देशांपैकी एकानंही इतकी माणसं दिलेली नाहीत. ज्याचं सैन्य वापरायचं त्याला निर्णयात बसवा, असं संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम 44 सांगतं, पण परिषद ते वापरत नाही.

आणि घरच्या घरी? इथं डच राज्यघटनेच्या कलम 100 नुसार सैन्य बाहेर पाठवण्याआधी सरकारला संसदेला कळवावं लागतं. मग आदेश काय, अधिकार किती, जखमींना बाहेर कसं काढणार, यावर उघड चर्चा होते. स्रेब्रेनिकानंतर त्यांनी हे लावून घेतलं. आपल्याकडे असा नियम नाही. सातारा-सांगलीच्या खासदारांनी पुढच्या अधिवेशनात एवढंच मागावं: कांगोतल्या आपल्या तुकड्यांना दिलेला आदेश सभागृहापुढे ठेवा, आणि तो बदलताना भारतानं काय म्हटलं तेही सांगा.