स्वतःच्या पायावर उभा असलेला तंबू

कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वराहून पायी नर्मदा परिक्रमेला निघायचं, असं मी चैत्रातच जाहीर केलं. "वाटेत आश्रम असतात, धर्मशाळा असतात, लोक हाताला धरून जेवायला बसवतात," ही म्हणाली. पण अडीच-तीन हजार किलोमीटरच्या वाटेवर एखाद्या रात्री नसलंच काही, तर? त्या एका रात्रीसाठी मी दोन महिने तंबू बघितले.

बघितले म्हणजे अक्षरशः स्थळं बघतात तसे. पहिली अट, स्वतःच्या पायावर उभा हवा. फ्रीस्टँडिंग! नर्मदेकाठी खडकात खुंटी शिरत नाही आणि वाळूत शिरलेली टिकत नाही, तेव्हा नुसत्या अॅल्युमिनियमच्या कांबींवर उभा राहणाराच बरा. चालायच्या काठ्यांवर ताणायचे तंबू आणखी हलके असतात, पण त्यांचा सगळा संसार खुंट्यांच्या भरवशावर.

मग कापड. २० डेनियर म्हणजे काय, तर ९००० मीटर दोऱ्याचं वजन २० ग्रॅम. नऊ किलोमीटर दोरा आणि वजन मूठभर शेवेएवढं! मी हे हिला कौतुकाने सांगितलं. तिने कापड चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाली, "याहून तुमचे बनियन जाड आहेत."

दुकानदार म्हणाला, "भिया, दो बंदे आराम से सोएँगे." रुंदी १३० सेंटीमीटर. आमच्या दिवाणापेक्षा चार बोटं जास्त. त्या दिवाणावर मी एकटा झोपतो, तरी पहाटे एक पाय जमिनीवर असतो.

डब्यावर किमान वजन १.२ किलो होतं. घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर दीड किलोच्या वर. खुंट्या, दोऱ्या, पिशव्या त्यांनी धरल्याच नव्हत्या. स्थळाच्या पत्रिकेत ‘जबाबदारी नाही’ लिहायचं आणि तीन बहिणी लग्नानंतर कळायच्या, तसंच.

जेठातल्या एका संध्याकाळी गच्चीवर आतला जाळीचा तंबू उभा केला. पाच मिनिटांत! स्लॅबमध्ये खुंट्या कुठे ठोकणार? आणि त्या लागत नाहीत म्हणून तर एवढे पैसे मोजले होते. वरचं पावसाचं आवरण आणायला जिन्यात वळलो, तेवढ्यात माळव्याचा वारा सुटला. स्वतःच्या पायावर उभा असलेला माणूस घर सोडूनही जाऊ शकतो, हे मी विसरलो होतो. तंबू कठड्यावर टेकला, जरा विचार केला आणि शेजारच्या काकूंच्या गच्चीवर उतरला. काकू गावाला गेल्या होत्या. गच्चीला कुलूप.

चौथ्या दिवशी काकू परतल्याचं कळलं, तसा सकाळीच त्यांच्याकडे गेलो. तंबू गच्चीत मधोमध उभा होता. आत दोन ताटं कुरडया आणि एक चादरभर बटाट्याचा कीस.

"तुझा आहे होय?" काकू चेन लावत म्हणाल्या. "फार सोयीचा आहे रे. एक माशी शिरत नाही. वाळवण संपलं की देते हं, अजून पापड व्हायचेत."